वाजता धोंडा

आमच्या खिंडीतला वाजता धोंडा बघायला हल्ली मांजरसुंब्याहून गाड्या करकरून लोक येतात आणि त्याच्यावर बसून फोटो काढतात. बैलाएवढा काळा दगड, खाली दोन दगडांचा टेकू. गारगोटीनं ठोकला की देवळातल्या घंटेसारखा वाजतो. लोकांना त्याची गंमत वाटते. मला मात्र एकतीस वर्षं कुणी त्याचं नाव काढलं की घास गोड लागत नाही.

गावची रीत अशी, की सासरी निघालेल्या लेकीनं खिंडीत उतरायचं आणि धोंडा तीनदा ठोकायचा. उंबऱ्यात बसलेल्या आईला कळतं, लेक खिंडीतून नीट गेली. तो आवाज येईपर्यंत आई जेवत नाही.

मी ठोकला नाही. कारण ऐकाल तर हसाल. आजीचे चांदीचे तोडे माय मला देणार होती आणि ऐन वेळी तिनं ते धाकट्या उमासाठी ठेवले. राग माझ्या नाकावरच असतो. खिंडीत जीप थांबली तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "चला पुढं." सणाला माहेरी आले तेव्हा शेजारणीकडून कळलं, माय दोन दिवस उंबऱ्यातून हलली नव्हती. शेवटी बायकांनी बळेच दोन घास भरवले. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग दर खेपेला ठोकू म्हणायचे आणि लाज आडवी यायची. असं करता करता मायचे कान गेले. आता कानाशी ढोल बडवला तरी ती विचारते, "च्या ठेवला का?"

यंदा पंचमीला भावाला, केदारनाथला म्हणाले, "मायला धोंड्यापाशी नेऊ."

"कावून? तिला काय ऐकू येणार हाय? उगं म्हातारीचे हाल."

"मला ठोकायचाय. ती हाय तवर."

तो कुरकुरला, पण गाडी काढली. गाडीपासून पन्नास पावलं चालायला मायला दोघांचा आधार लागला. मी गारगोटी शोधली आणि ठोकली. धोंडा खणाणला, झाडावरचे होले उडाले. माय खालच्या रस्त्यावरचे ट्रक बघत होती. पुन्हा ठोकली. काही नाही. मला रडू फुटलं. "माय, ठोकतेय गं मी!"

तिला दम लागला होता. टेकायला म्हणून तिनं धोंड्यावर दोन्ही हात ठेवले. तेवढ्यात मी तिसऱ्यांदा ठोकली.

माय दचकली. आपल्या हातांकडे बघितलं, मग हळूच वाकून धोंड्याला गाल लावला. "आणिक," म्हणाली.

मी ठोकली. एक, दोन, तीन. तिनं डोळे मिटून घेतले होते.

बऱ्याच वेळानं ती उठली. माझ्याकडे बघितलंही नाही. केदारनाथचा हात धरून म्हणाली, "गेली बाबा पोरगी खिंडीतून. लई उशीर केला तिनं. चल, आता वाढ मला."