धुतलेली गाडी

गंगासागरबाईंच्या हातून त्या सोमवारी जी चूक झाली ती अंघोळ करून, अनवाणी, तोंडानं वैजनाथाचं नाव घेत झाली. पहाटे साडेपाचला त्यांनी अंगणातली मोटरसायकल धुतली.

ती काही रोजच्या वापरातली मोटरसायकल नव्हती. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर नाही. चाकं उंच आणि टायरला बोटाएवढे दात. रस्त्यावर ती न्यायचीच नसते. माळावर पळवायची, मातीच्या उंचवट्यावरून उडवायची. तिच्यावर बसायची ती त्यांची शिवकन्या, सतरा वर्षांची, यंदा बारावीला. बाईंचा धाकटा भाऊ महारुद्र याचं परळीतच गॅरेज आहे. त्यानं कुठूनशी मोडकी गाडी आणून उभी केली आणि भाचीला शिकवलं. शिवकन्येचे वडील संगमेश्वर यांचं देवळाच्या रस्त्याला बेल, भस्म, रुद्राक्षाचं दुकान. "तुमचं तुमी बघा, हातपाय मोडून आणू नका," एवढं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं होतं.

आदल्या दिवशी, रविवारी, आष्टीच्या माळावर मोटोक्रॉसची शर्यत झाली. शिवकन्या चौथी आली. चौथ्याला बक्षीस नसतं. पण पुण्याच्या एका टीमची दोन माणसं तिथं आली होती. अशा टीमा हिवाळ्यात गावोगावच्या शर्यती फिरतात, कच्ची पण गुणाची पोरं हेरतात आणि दोघाचौघांना शिबिराला बोलावतात. शिबिरात जो टिकला त्याला टीमची गाडी, टीमचा मिस्त्री, टीमचा डॉक्टर. यंदाच्या शिबिरात एकच जागा उरली होती. जाताना त्यांच्यातला म्हातारा मिस्त्री महारुद्राला म्हणाला, "उद्या सकाळी परळीला येतो. गाडी बघायचीय."

महारुद्रानं रात्री बहिणीला निरोप दिला, "अक्का, पाहुणे येणार हायत. गाडी बघायला. जरा नीटनेटकं ठेव."

आता बघायला येणार म्हटल्यावर मळक्या अंगानं कुणी दाखवतं का? बाईंनी पोळ्याच्या बैलाला धुवावं तशी गाडी धुतली. तारा एकेक पुसल्या, चेनमधली माती काडीनं उकरली. मग हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकाशी लिंबू ठेवलं आणि उदबत्ती लावली. मन निवांत झालं.

त्यांचे नेम पुष्कळ. सोमवारचा उपास तर लग्नाआधीपासूनचा. रोज पहाटे एकशे आठ वेळा नाम. या श्रावणात त्यांनी आणखी एक नेम धरला होता, तो मात्र कुणाला सांगितला नव्हता. वर्षभर जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही. त्याला कारण होतं. पोरगी माळावर गाडी उडवत असायची तेव्हा त्या सासूबाईंना सांगत, "टूशनला गेलीय." दोन वर्षं सांगितलं. सासूबाई वैशाखात गेल्या, त्या नात टूशनला जाते असं मानूनच गेल्या. ते बाईंना अजून टोचत होतं.

पाहुणे आठला आले. एक रविराज, टीमचा मॅनेजर, तिशीतला, हातात फोन. दुसरा मुंजाजी मिस्त्री, मूळचा परभणीकडचा, डोक्यावर टोपी, नखांत जन्माचं काळं. मुंजाजी अंगणात शिरला, गाडीसमोर थांबला, हार बघितला, लिंबू बघितलं आणि खाली बसला.

"धुतली?"

"धुतली की भाऊ," बाई हरखून म्हणाल्या. "तारन् तार पुसली."

महारुद्रानं कपाळावर हात मारला. "अगं अक्का, घर नीट ठेव म्हणलतो मी! गाडी कावून धुतली?"

"आता मला काय ठावं? तूच म्हणलास, गाडी बघायला येणार हायत."

रविराज हसला, पण त्याचा चेहरा पडला होता. "मावशी, आम्ही मातीच बघायला आलो होतो."

मुंजाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याचं काय हाय अक्का, पयला आलेला सगळ्यांनाच दिसतो. त्याला डोळे लागत न्हाईत. आमी मागच्यातलं हेरतो. कुणाचं मशीनच धड नसतं, पण अंगात कसब असतं. शर्यतीनंतर गाडीवर जी माती बसती ना, ती खोटं बोलत न्हाई. पोरगी वळणात किती झुकली, ब्रेक कवा दाबला, पडली तर कोणत्या अंगावर, समदं ल्हिलेलं असतं. काल तिथं गर्दीत बघता आलं न्हाई. म्हणून म्हणलं घरी येतो."

"मग जायचं का काका?" रविराजनं घड्याळ बघितलं. "दिंद्रुडचा तो दुसरा पोरगा वाट बघत असेल."

खांबाला टेकून उभ्या असलेल्या शिवकन्येनं आईकडं बघितलं. रागानं नाही. गाडीखाली सापडलेलं माणूस बघतं तसं.

मुंजाजी उठला नाही. "अक्का, तुमीच धुतली ना? मग माती तुमी बघितली आसंल. सांगा बरं काय काय दिसलं."

बाईंनी डोळे मिटले. रोज देव पुसणाऱ्या बाईला कुठल्या देवाच्या कुठल्या कानात गंध अडकतं ते ठाऊक असतं. त्या सांगू लागल्या. "उजव्या फुटरेसखाली लाल मुरूम होता, जाड, वाळून खडक झालेला. फुटरेसचं टोक घासून पांढरं पडलेलं. डावीकडं बारीक धूळ नुसती. मागच्या चाकाच्या तारांत एक काडी गुंतलेली. पुढच्या चाकात काहीच न्हाई."

"वाटेबाहेर गेली न्हाई म्हंजे. आन् उजवं वळण पार भुईला टेकून काढलं." मुंजाजी रविराजकडं बघून मान हलवत होता. "पुढं?"

"क्लचच्या दांडीवर धूळ होती. टोकापत्तुर. बोटं लागलेली दिसली न्हाईत."

मुंजाजी थबकला. "क्लच दाबलाच न्हाई?" तो शिवकन्येकडं वळला. "का गं पोरी?"

"मी तशीच चालवते काका," शिवकन्या झटकन म्हणाली. "क्लच कमी वापरते मी."

"काय सांगतेस!" रविराज ताठ झाला. "काका, क्लचशिवाय आष्टीची वळणं? ती दोन उड्यांमधली सुद्धा? आपल्या मोठ्या पोरांना दोन वर्षं लागली हे शिकायला. दिंद्रुड राहू द्या. शनिवारी शिबिराला हिला बोलवू."

महारुद्राचं तोंड आनंदानं उघडंच राहिलं. शिवकन्येच्या गालावर लाली चढली. एवढंच ऐकायला ती दोन वर्षं उन्हात तापली होती.

मुंजाजी मात्र अजून बाईंकडंच बघत होता. "अक्का, दर खेपेला गाडी तुमीच धुता?"

"हो."

"दर खेपेला क्लचवर अशीच धूळ असती का?"

बाईंच्या डोळ्यांसमोर पहाटेचं अंगण आलं. डाव्या मुठीच्या रबरावर पिवळा डाग होता. त्यांना आधी वाटलं, आपल्याच हातची हळद लागली. मग ध्यानात आलं, पूजा अजून व्हायचीय, हळदकुंकवाचा करंडा आतच आहे. त्यांनी डाग नाकाशी नेला होता. हळद आणि तुरटी. कढत करून मुरगळलेल्या हाताला लावतात तो लेप. हातमोज्यातून पाझरून मुठीला लागलेला. तेव्हाच त्यांना कळलं होतं, आणि पाहुणे जाईपर्यंत विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. न विचारणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

पण आता विचारणारा समोर बसला होता. शिवकन्येनं डावा हात ओढणीखाली घेतला. नुसत्या डोळ्यांनी ती म्हणत होती, माय, हो म्हण.

एका शब्दाचं काम होतं. सासूबाईंना सांगितलं होतं तसंच.

"न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच बारीक; तो आणखी बारीक झाला. "एरवी तिथं बोटांनी घासून चकाकी आलेली असती. ह्या खेपेलाच धूळ होती. आन् मुठीला हळदीचा लेप लागला होता. तिचा हात दुखतोय भाऊ."

"माय!"

मुंजाजी उठला, शिवकन्येजवळ गेला आणि हात पुढं केला. तिनं बराच वेळ दिला नाही. मग दिला. त्यानं मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथं हलकेच दाबलं. पोरीचे डोळे भरले.

"कवा पडलीस?"

"बारा दिवस झाले. सराव करताना."

"मला सांगितलं न्हाईस?" महारुद्र म्हणाला.

"तू सोडलं असतंस का मला आष्टीला?"

मुंजाजीनं हात अलगद सोडला. "ह्या बारक्या हाडापायी दोन पोरांचे हात कायमचे गेलेले बघितलेत मी. रविराज, शनिवारचं जमायचं न्हाई."

रविराजनं एकदा शिवकन्येकडं बघितलं आणि फोन खिशात घातला. चहा घेऊन दोघं दिंद्रुडला गेले. ती जागा तिथल्या पोराला मिळाली.

फाटक लागलं तशी शिवकन्या म्हणाली, "तू गप बसली असतीस तर काय झालं असतं?"

"गप बसले असते तर तू गेली असतीस."

"तेच तर म्हणते मी!"

त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

अंबाजोगाईला हाताचा एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टर म्हणाले, अजून एक उंच उडी मारली असती तर दोन तुकडे झाले असते. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. शिवकन्येनं ते ऐकून घेतलं, पण अबोला सोडला नाही. अडचण एकच होती. एका हातानं वेणी घालता येत नाही. मग रोज सकाळी ती आईपुढं पाठ करून बसायची आणि बाई नाम घेत घेत वेणी घालायच्या. नाम संपायचं, वेणी संपायची, ती उठून जायची. बाईंनीही कधी समजावलं नाही. फक्त तेल जरा जास्त वेळ जिरवायच्या.

अकराव्या दिवशी फोन आला. शिवकन्येला नाही, बाईंना.

"अक्का, मुंजाजी बोलतोय. रातभर झोप लागली न्हाई म्हणून फोन केला. पोरगी चौथी आली ती एका हातानं आली. हे मला आष्टीतच दिसायला पायजे होतं. म्हातारा झालो."

"असं कसं भाऊ."

"ऐका. यंदा जागा न्हाई. पण तिचं नाव आमी ठेवून घेतलंय. टायर आन् बूट पाठवतो. महिन्याला आमचा माणूस महारुद्राच्या गॅरेजवर येईल, गाडी बघंल. हात बरा झाला का पुढच्या हिवाळ्यात शिबिराला घेऊन या, तवा बघू. वचन न्हाई देत. अन् एक अट हाय."

"कसली?"

"सराव झाला का गाडी धुवायच्या आधी तुमी बघायची आन् मला फोनवर सांगायचं. पोरीनं न्हाई, मामानं न्हाई. तुमी."

फोन स्पीकरवर होता. शिवकन्या वेणीसाठी पाठमोरी बसलेली. बाईंनी फोन ठेवला, पेड हातात घेतले. पहिला पेड पडला, दुसरा पडला.

"हळद नाकाला लावून वास घेतलास तू?" शिवकन्या न वळता म्हणाली.

"घेतला."

"तुरटी बी कळली?"

"स्वयंपाकघरातनं गेली कुणाची होती?"

शिवकन्येचे खांदे हलले. बाईंना वाटलं रडतेय. पण ती हसत होती. आणि मग दोन्हीही.

प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर माघातल्या एका सोमवारी ती पहिल्यांदा सरावाला गेली, आणि उन्हं तापायच्या आत परत आली. गाडी अंगणात उभी केली. टायरपासून टाकीपर्यंत लाल माती. शिवकन्येनं स्वतःच पाण्याची बादली भरून आणली आणि बाजूला ठेवून उभी राहिली.

बाईंनी चष्मा लावला. गाडीभोवती एक फेरी मारली, सावकाश, देवळातल्यासारखी. फुटरेस बघितले. तारा बघितल्या. डाव्या मुठीजवळ वाकल्या. क्लचच्या दांडीवर दोन बोटांच्या जागी माती नव्हती. तिथं लोखंड लख्ख चमकत होतं.

"काय दिसलं माय?"

"तू गप बस," बाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसून फोन घेतला. "मला त्यांना सांगू दे आधी."