बांधावरचं गाजरगवत

बांधाच्या अंगानं माझी पऱ्हाटी, कपाशी, करपाया लागली आन माझं डोकंच फिरलं. पानांवर जांभळे डाग, खाली पात्यांचा, कोवळ्या कळ्यांचा सडा. मालक वाळूजला कंपनीत, शेत सगळं माझ्या अंगावर. मी म्हणलं, ह्ये काम भायाचंच, माझ्या थोरल्या दिराचं, नानासाहेबाचं. बांधावरून आमची कोर्टात केस चालू हाय, तवा त्यानंच जळून तणनाशक उडवलं असणार. त्याच्या घराकडं तोंड करून मी वाट्टेल ते बोलले.

मग रोगट फांदी घेऊन सिल्लोडला फारूखभाईच्या बी-बियाण्याच्या दुकानात गेले. त्यांनी पान उलटून बघितलं आन विचारलं, बांधावर गाजरगवत फुललंय का? म्हणलं, कमरेएवढं. निकाल लागेस्तोवर बांधाला कुणी हात लावायचा नाय, असा कोर्टाचा हुकूम, म्हणून दोन्ही घरांनी तसंच वाढू दिलेलं. फारूखभाई म्हणाले, ह्ये तणनाशक नाय, व्हायरस हाय. तो त्या गवतात राहतो, आन फुलकिडे त्याचा पराग अंगावर घेऊन कपाशीत शिरतात. लागलेल्या झाडाला औषध नाय. उरलेलं वाचवायचं तर गवत दवात उपटा, म्हंजे पराग उडायचा नाय, आन पोत्यात भरा. मी फांदी उचलून घराकडं निघाले. भायानं खरंच बांधावरच्या गवतावर तणनाशक मारलं असतं तर माझी पऱ्हाटी वाचली असती, कर्म माझं!

सकाळी पदर खोचून बांधावर गेले. पयलं झुडूप उपटलं तोच भाया पलीकडं मोबाईल धरून उभा. शूटिंग चालू. माझ्यापायी केस हरली तर मालकाला काय तोंड दाखवू? आमच्यात भायाशी बोलत नायत, लग्न झाल्यापास्नं मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"दादा, ह्या गवतातनंच रोग येतोय, तुमच्याबी पऱ्हाटीची पानं बघा. तारीख दिवाळीनंतर हाय. तवर काय उरंल?"

त्यानं मान वळवली नाय. "उपट," म्हणला. "समदं कोर्टाला दाखवतो."

रागानं मला रडू फुटलं, तरी उपटतच राहिले. तेवढ्यात त्याच्या शेतातून माझी जाऊ भागूबाई रिकामं पोतं घेऊन आली. मोबाईलच्या म्होरूनच बांधावर चढली आन माझ्या शेजारी गवत उपटाया लागली. भाया म्हणला, बाजूला हो, शूटिंग चाललंय.

"चालू द्या की," ती म्हणली. "आपल्याबी पऱ्हाटीच्या वळी करपल्यात. कोर्टाला सांगा, तुमच्याच बायकोनं बांध साफ केला."

भायाचा मोबाईलचा हात हळूहळू खाली आला. मी पोत्याचं तोंड धरलं, ती भरत राहिली.