काजळीवरचे डोंगर

"उमाजीकाका, बेडूक खरं बोलतोय. मग मी झूठ का लिहू?"

शामला रडत नव्हती, म्हणून तर उमाजीला जास्त लागलं. पोरगी दुसऱ्यांदा नापास. आता तिचे वडील इंदरगंजच्या त्या स्थळाला हो म्हणणार, न् डॉक्टरकी संपली.

कंपूच्या छावणीमागच्या त्या डॉक्टरी शाळेत उमाजी वीस वर्षं बेडूक धरून आणायचा. फिरत्या ड्रमवरच्या कागदाला काजळी धरायची, बेडकाच्या काळजाला काडी बांधायची. ठोका पडला की काडी काजळीवर पांढरी रेघ ओढते. वरून ॲड्रेनलिन टाकलं की रेघेचे डोंगर उंच होतात. औषध काय करतं, ते पोरं अशी डोळ्यांनी शिकायची.

मग लढाई लागली न् विलायतेचा माल बंद. जुनं औषध गुलाबी पडलं, म्हणजे मेलं. भर वर्गात रेघ होती तशीच राहिली. शिकवणारे लक्ष्मीकांत डॉक्टर घामाघूम. उमाजीला बघवेना. टेबलाआडून त्यानं अंगठ्यानं काडी हळूच उचलली. डोंगरच डोंगर! तेव्हापासून दर साली तेच.

परीक्षेत मात्र अंगठा नव्हता. सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं. एकट्या शामलानं लिहिलं, 'काही फरक नाही.'

"थांब पोरी," म्हणत उमाजी डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"सरकार, पोरगी बरोबर आहे. औषध मेलंय. रेघ चढवायचा तो माझा अंगठा होता."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मी काय आंधळा आहे रे?"

उमाजीनं टोपी काढून हातात घेतली.

"वरच्या परीक्षेत डोंगरच मागतात. एका पोरीपायी शाळेची अब्रू घालवू? चल, तूच सांग सगळ्यांना. मग दोघं घरी बसू."

उमाजी बाहेर आला. शामला खांबाला टेकून उभी होती.

"बोललात काका?"

"बाई," तो म्हणाला. वीस वर्षांत कुठल्या पोरीला तो बाई म्हणाला नव्हता. "मला बेडूक धरायला जायचंय."

पुढच्या साली त्या डोंगरांचा एक कागद वार्निश लावून, काच घालून वर्गात टांगला. तो पुसायचं कामही उमाजीकडेच. नवी पोरं समोर बसून डोंगर वहीत उतरवत होती. कागदाच्या कडेला काजळी उडून अंगठ्याचा ठसा राहिला होता.

एक हुशार पोरगा तोही उतरवत होता, रेघ न् रेघ मोजून.