चिखलणीची फळी

वरच्या वीजघरातून पाणी सुटायला लागल्यापासून नदी पौषातही भरून वाहू लागली. पायी नदी ओलांडायच्या उतारावर सकाळी घोट्याएवढं पाणी, दुपार कलली की छातीच्या वर. त्या पाण्यावर लोधिवलीखालच्या मालोजीनं उन्हाळी भात सुरू केलं. त्याच्या खळ्यावर दुसरं पीक आलं आणि पलीकडच्या कातकरवाडीची घरची वाट बुडाली.

त्या वाडीची कोंडी मालोजीच्या चिखलणीला यायची. बैलांमागची फळी पांगाऱ्याची, हलकी. चिखलात ती दबावी म्हणून वर माणूस उभा करायचा. बैल हाकायचा मालोजी, फळीवर कोंडी. वजन म्हणून. दगड ठेवला असता तरी चाललं असतं, पण दगडाला नंतर बांध लिंपायला लावता येत नाही.

"मालक, पाणी यायच्या आत सोडा," ती रोज म्हणायची. "पोर पाच महिन्यांचं हाय."

"एवढा बांध लिंपून जा."

बांध होईतो नदी भरलेली. मग मालोजी म्हणायचा, "आता उडत जा गं. तुमी रानातली माणसं, तुमाला काय अवघड?"

कोंडी मालोजीच्या गोठ्यात निजायची; उजाडता पाणी उतरलेलं असायचं, पण बैलही जुंपलेले असायचे. दूध लुगड्यात जिरायचं, आणि पलीकडं सासू पोराला पेजेचं पाणी पाजायची.

पाचव्या दिवशी बैल सुटल्यावर कोंडीनं फळी खांद्यावर घेतली.

उताराच्या वर खडकाचं नाक नदीत शिरलं होतं. सुटलेलं पाणी त्याला थडकून लाटा उठायच्या. गुडघ्याएवढ्या, गुळगुळीत, खडकापासून तिरक्या पलीकडच्या वाळूकडं पळणाऱ्या. पोहणाऱ्याला मधली धार ओढून नेई. लाटेवरच्या काटक्या मात्र पलीकडं लागत. चार संध्याकाळी तिनं तेवढंच पाहिलं होतं.

खडकाजवळ फळी पाण्यात टाकून आधी ती तिच्यावर पालथी झोपली. फळी सरळ धारेकडं निघाली, तशी तिनं फळीसकट मागं फिरून खडक धरला. फळी वळवायची ती पायानं, हे चिखलानं तिला शिकवलं होतं. ती उभी राहिली. फळीचं नाक वर झालं, लाट खालून निघून गेली आणि कोंडी पाण्यात. पुन्हा तेच. पुन्हा. खडकाच्या आडोशाला पाणी संथ म्हणून वाचली.

"अगं, बैल कुठं बांधलंस?" काठावरून भागीनं विचारलं. वाडीचीच म्हातारी, तीही मालोजीच्या कामाला येऊन अडकलेली.

"गप बस गं."

"बसते. पन मागं का रेलतीस? चिखलात बैल वढतात म्हनून रेलायचं. हितं कोन वढतंय तुला?"

कोंडीला राग आला, पण भागीचा नाही. दहा वर्षं तिला मागं रेलायलाच शिकवलं होतं. पुढं झुकली की बैलाची काठी तिच्या पोटरीवर बसायची. पोटरी अजून ते विसरली नव्हती.

पुढच्या लाटेला तिनं पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी मागं सारलं. लाटेनं फळी उचलली तशी ती उठली, आणि दात खाऊन पुढच्या पायावर सगळा भार टाकला. लाट निसटली नाही. टाचेनं कड दाबली, फळी वळली. धार सळसळत खालून गेली आणि पायाला वाळू लागली.

"आन माझं काय गं?" मागच्या काठावरून भागी ओरडली.

"उद्या शिकवते."

सकाळी ती उतारावरून परत आली, पोराला पोटभर पाजून, डोक्यावर फळी घेऊन.

"चोरटे," मालोजी म्हणाला.

"चोर माल परत आनतो व्हय?" तिनं फळी चिखलात टाकली. "आयका मालक. पाणी यायच्या आत आमा दोघींना सोडलंत तर पायी जाऊ. नाय तर ही फळी हाय. फळीवरनं गेले तर ती परत यील असं नाय."

"माझ्याच फळीवर उभी राहून मला दरडावतीस?"

"तुमीच उभी केलीत."

दुपार कलायच्या आत मालोजीनं बैल सोडले. बांध अर्धाच राहिला होता. मग फळी स्वतः उचलून घरात नेली आणि दाराला कुलूप घातलं.

कोंडी आणि भागी घोट्याएवढ्या पाण्यातून घरी गेल्या. मालोजीचं एक शेत अजून चिखलायचं राहिलं होतं. उद्या ती फळी त्याला बाहेर काढावीच लागणार होती.