तीन राजे टाकले

सकाळी दुर्वा काढायला घरामागच्या चढावर गेलेली स्वप्ना दुर्वा न घेताच खाली आली. वर काजूच्या बागेत जमीन फाटली होती. सहज हात आत जाईल एवढी भेग, फणसाच्या मुळापासून पार बांधापर्यंत. परसातल्या विहिरीचं पाणी, जे भर पावसातही नितळ असायचं, ते लाल झालं होतं.

तिने घरात सांगितलं, पण सांगून ऐकणारं ते घर नव्हतं. नवरा प्रमोद गणपतीसाठी मुंबईहून रजा काढून आला होता. तो म्हणाला, जांभ्याचं घर आहे, आजोबांनी बांधलेलं, कितीतरी पावसाळे खाल्लेत त्याने. सासूबाई आनंदीबाईंचं म्हणणं त्याहून पक्कं. गणपती कालच बसले होते. उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही आणि देवाला एकटं टाकून घर सोडायचं नाही. पोलीस पाटील गंगाराम येऊन सांगून गेले की डोंगराखालच्या सगळ्यांनी अलोऱ्याच्या रस्त्यावरच्या शाळेत या, शेजारची दोन घरं गेलीसुद्धा. आनंदीबाईंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि वाटेला लावलं.

दुपारची आरती आणि जेवणं झाली तशी पत्ते निघाले. गणपतीत पत्ते नाहीत असं घर त्या वाडीत शोधून सापडलं नसतं. पण यंदा नेहमीची तीन पत्ती नव्हती. प्रमोद मुंबईत ओमाहा नावाचा पोकर शिकला होता, आणि शिकलेलं दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रत्येकाला चार पानं, मध्ये जमिनीवर हळूहळू उघडायची पाच. हातातली दोन आणि जमिनीवरची तीन मिळून डाव जुळवायचा, ना एक जास्त ना एक कमी. लावायला चिंचोके.

स्वप्नाला खेळायची मुळीच इच्छा नव्हती. पण स्वयंपाकघराची भिंत डोंगराकडे होती आणि तिथे एकटीला बसवेना, म्हणून ती प्रमोद आणि धाकटा दीर नितेश यांच्याबरोबर बसली. मागे आनंदीबाई सहा वर्षांच्या नातीला, सानवीला, मांडीवर निजवून सुनेची पानं बघत होत्या. मागचं दार सकाळपासून चौकटीत अडकत होतं. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

प्रमोदचं व्याख्यान चालूच होतं. तीन पत्तीत ट्रेल आली, म्हणजे तीन सारखी पानं आली, की डोळे मिटून खेळायचं. इथे तसं चालत नाही, कारण चार चार पानं हातात असल्यावर कोणाचं ना कोणाचं काहीतरी जुळतंच.

"आपला डाव मोठा आहे म्हणून जो चिकटून बसतो, तोच मरतो," तो म्हणाला. "दर नव्या पानाला परत विचारायचं, मी अजून पुढे आहे का?"

आनंदीबाईंना हे अजिबात पटलं नाही. हयातभर गणपतीत तीन पत्ती खेळलेली बाई ती. ट्रेल टाकणारा माणूस आपण अजून पाहिला नाही, असं त्यांनी ऐकवलं.

पुढच्याच डावात स्वप्नाच्या हातात दोन राजे आले. जमिनीवर तीन पानं उघडली: किलवरचा राजा, बदामाची नश्शी, बदामाची अठ्ठी. तीन राजे झाले. या घडीला तिच्याहून मोठा डाव कोणाचाच नव्हता. आनंदीबाईंनी मागून हळूच तिची पाठ दाबली. स्वप्नाने मूठभर चिंचोके लावले, दोघांनीही भरले.

चौथं पान आलं. बदामाची सत्ती.

आता जमिनीवर तीन बदाम होते, आणि नश्शी, अठ्ठी, सत्ती ओळीने. ज्याच्या हातात आणखी दोन बदाम किंवा ओळ पुरी करणारी दोन पानं असतील, तो इथे तीन राजांच्याही वर. प्रमोदने आपले होते नव्हते तेवढे चिंचोके पुढे सारले. नितेशनेही सारले. स्वप्नाने हातातल्या राजांकडे पाहिलं. मघाशी सगळ्यांच्या वर असलेला डाव तोच होता, पान न् पान तेच होतं. बदललं होतं ते समोरचं.

तेवढ्यात मागे कुठेतरी करकर आवाज झाला. दोन्ही भाऊ चिंचोक्यांकडे बघत होते. तिने मात्र ऐकला. तिने पानं खाली टाकली.

आनंदीबाईंनी ती उलटी करून पाहिली. "ट्रेल टाकलीस गो?"

"टाकली. मघापर्यंत मोठी होती, आई. आता नाही." स्वप्नाचा आवाज फुटत होता. "घरही मोठं होतं. डोंगर फाटलाय. मला फार भीती वाटतेय. मी सानवीला घेऊन शाळेत चालले."

प्रमोद हसला. आनंदीबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. मग त्या मखराकडे आणि परत त्या राजांकडे बघत राहिल्या.

"नितेश, पाट घे," त्या म्हणाल्या. "देव आपल्यासंगती येल."

त्यांनी अक्षता वाहिल्या, देवाची क्षमा मागितली आणि मूर्ती स्वतःच्या हाताने जागची हलवली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. नितेशने पाट डोक्यावर घेतला, आनंदीबाईंनी छत्री देवावर धरली आणि स्वतः भिजत चालू लागल्या. प्रमोद मात्र बसून राहिला. बायकोने चारचौघांत त्याचंच व्याख्यान त्याच्यावर उलटवलं होतं, ते त्याला लागलं होतं. दारं लावून संध्याकाळी येतो म्हणाला.

शाळेत देवाला बाकावर बसवलं. सानवी परत झोपली. स्वप्ना दारात उभी राहून वाटेकडे बघत होती. आपण पानं टाकून उठलो आणि नवऱ्याला डावातच सोडून आलो, हे तिला खायला उठलं. परत जावं तर पोरीचं काय, न जावं तर त्याचं काय. तिला रडूही येईना.

मग वळणावर प्रमोद दिसला. ना छत्री, ना पायात चप्पल, धावतच येत होता. दारात पोचला तो धापा टाकत, पण चेहरा जिंकल्यासारखा. खिशातून त्याने एक पत्ता काढला, इस्पिकची नश्शी.

"हे बघ. पाचवं पान उघडून बघितलं मी," तो म्हणाला. "नश्शीची जोडी झाली, म्हणजे तुझे तीन राजे आणि वर जोडी, बदामांहूनही मोठा डाव. माझे बदाम होते, नितेशची ओळ होती, पण दोन्ही तुझ्या राजांपुढे गेलेच असते. उगाच टाकलास डाव. तू जिंकली असतीस, स्वप्ना, हेच सांगायला..."

वाडीच्या बाजूने आवाज आला. मोठा, लांबलेला, थांबतच नाही असा. शाळेची कौलं थरथरली. मग आवाज थांबला आणि पावसात ओल्या मातीचा वास पसरला. त्यांच्या घराच्या जागी ना घर दिसत होतं ना भोवतीचे माड, नुसता लाल उतार दिसत होता.

प्रमोद पत्ता तसाच पुढे धरून उभा होता. स्वप्नाने त्याचं मनगट घट्ट पकडलं आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

आनंदीबाईंनी त्याच्या बोटांतून नश्शी सोडवून घेतली, पदराने पुसली आणि देवापुढे ठेवली.