एक्क्याऐंशी किलोची तुला

दगडाबाई गेल्याचं बलभीमला कळलं तेव्हा तो सास्तूरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसला होता. डावा गाल झाला होता, उजव्या गालावर साबण होता. ती दुपारी दवाखान्यातून घरी यायची होती, म्हणून तो दाढीला आला होता. लेकीचा, निकिताचा फोन आला. त्यानं ऐकलं, गळ्याभोवतीचं फडकं सोडलं, घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि तसाच उठून घरी चालू लागला. मातीला जमलेल्या बायका त्याच्या तोंडाकडं बघून रडायच्या आणि मधेच हसू आलं की पदर तोंडात घालायच्या. त्याला राग आला नाही. दगडाबाई असती तर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली असती.

तीन महिने तो कुणाशी धड बोलला नाही. फाल्गुनात मेहुणी आली. अयोध्या, दगडाबाईची धाकटी बहीण. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच म्हणाली, "दाजी, अक्काचा नवस राहिलाय."

कुठला नवस ते बलभीमला विचारावं लागलं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती. वजन सेहेचाळीस किलोवर आलं होतं. तेव्हा दगडाबाई येरमाळ्याच्या येडेश्वरीला बोलली होती, की हा माणूस उठून हिंडूफिरू लागला तर त्याच्या वजनाएवढा गूळ तुला वाहीन. तो उठला, हिंडूफिरू लागला, पोटही सुटलं. दरवर्षी ती म्हणायची, चला, तुला करून येऊ. तो म्हणायचा, "कशाला? देवीला मधुमेह करायचाय का?" पाच-सहा वर्षांनी तिनं म्हणायचं सोडून दिलं. तिनं म्हणायचं सोडलं, हे त्याच्या आता ध्यानात आलं होतं आणि तेच त्याला झोपू देत नव्हतं.

"मंगळवारी जाऊ," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी आडतीवरच्या काट्यावर तो उभा राहिला.

"चपला काढा, आबा," निकिता म्हणाली. ती लोहाऱ्याला शाळेत शिकवायची आणि जुनी का होईना, स्वतःची व्हॅन चालवायची.

"मिशा बी काढू का?"

"आन् ऐका," अयोध्या म्हणाली, "तराजूत बसेपतुर पोटात कण जाऊ द्यायचा न्हाय. जेवढं खाल तेवढा गूळ वाढंल."

एक्क्याऐंशी भरले. दहा-दहा किलोच्या आठ ढेपा आणि वर किलोची एक भेली घेतली. सहा ढेपा मागं मावल्या. उरलेल्या दोन बलभीमनं पुढच्या शिटाखाली सरकवल्या. या गाडीचं इंजिन शिटाखाली असतं हे निकिताला ठाऊक होतं, उन्हानं गूळ पाघळतो हे अयोध्येला ठाऊक होतं. पण ढेपा ठेवल्या बलभीमनं, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

लोहाऱ्याच्या अलीकडं चाक बसलं. जादाचं चाक काढून बघितलं तर ते आधीच बसलेलं. शेजारच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. गिरिजाबाई नावाची बाई विळा टाकून बांधावर आली. तिचा नवरा एकही प्रश्न न विचारता चाक मोटारसायकलवर टाकून पंक्चर काढायला गेला, आणि गिरिजाबाईनं धुडक्यात बांधलेली भाकरी सोडली.

"मला नको," बलभीम म्हणाला. "माझी तुला हाय."

"कसली तुला? आमच्या रानात आलेला माणूस उपाशी जात न्हाय. बसा खाली."

"बाई, अहो वजन..."

"पिठलं लई जड नसतंय."

तीन महिन्यांत त्यानं अशी भाकरी खाल्ली नव्हती. अडीच खाल्ल्या. चाक आलं. नवरा-बायको पैशाला हात लावीनात, तेव्हा बलभीमनं एक ढेप उचलून बांधावर ठेवली. अयोध्येनं बोटांवर हिशेब केला.

तुळजापूरच्या अलीकडं गाडीतून वाफ निघाली. निकितानं गाडी एका हॉटेलसमोर लावली. अयोध्या खाली उतरली ती अनवाणीच. चपला गाडीत चिकटून राहिल्या होत्या. शिटाखालून तांबूस ओघळ येऊन पायाशी डबकं झालं होतं आणि तिच्या लुगड्याचा काठ त्यात भिजून कडक व्हायला लागला होता.

"दाजी! दोन्ही ढेपा गेल्या की!"

"गेल्या कुठं? तुझ्या लुगड्याला हायेत."

अयोध्येनं काठाला बोट लावून चाटलं. "चव मात्र चांगली हाय," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. निकिताला आवरेना. हॉटेलचा मालक शिवानंद पाण्याची नळी घेऊन धावत आला, तोही आत बघून हसायला लागला. त्यानं गाडीही धुतली आणि अयोध्येचे पायही. कुठं चाललाय ते कळल्यावर त्यानं स्वतःच्या घरचा डबा काढला.

"माझा उपास हाय," बलभीम म्हणाला.

"मघाशी अडीच भाकरीचा उपास झालाय," अयोध्या म्हणाली. "आता काय, होऊ द्या."

डब्यात शेंगोळे होते. शिवानंद पैसे घेईना. "तुलेला निघालेल्या माणसाकडनं पैसं घेऊ व्हय? देवीला माझं नाव सांगा."

"आबा, तुम्ही सांगणार?" गाडी सुरू करता करता निकितानं विचारलं. तिनं वडिलांना देवळात हात जोडताना कधी बघितलं नव्हतं.

बलभीम खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "शिवानंद. आन् त्या गिरिजाबाईचं बी. लक्षात ठेव."

येडशीच्या रानापाशी इंजिनात पाणी घालायला थांबले, तर मागच्या उघड्या दारातून माकड आत शिरलं आणि भेली छातीशी धरून लिंबावर जाऊन बसलं. बलभीम काठी शोधू लागला.

अयोध्येनं त्याचा हात धरला. "राहू द्या, दाजी. तुमच्याच नावाचा देव हाय. आपल्याच घरात राहिलं."

"अगं, किलोभर गूळ हाय!"

"त्याला सांगा मग. मारुतीरायाला, बलभीमरायाकडनं."

माकडानं भेलीचा तुकडा तोडून खाली टाकला. तो बरोबर बलभीमच्या पायाशी पडला. त्यानं तो उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला. नको म्हणायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

येरमाळ्याला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. देवळाच्या वाटेवर प्रसादाचं दुकान चालवणाऱ्या एका म्हातारीकडं मोठा लाकडी तराजू होता, साखळ्यांचा. बलभीम एका पारड्यात मांडी घालून बसला. दुसऱ्यात उरलेल्या पाच ढेपा ठेवल्या. पारडं हललंसुद्धा नाही. वाटेवरचे लोक जमले.

"पाव्हणं, सकाळच्याला काय खाल्लं?"

"सकाळी कुठं," अयोध्या म्हणाली, "दिवसभर खात्यात!"

"श्वास धरा, दाजी."

त्यानं गाल फुगवून श्वास धरला. पारडं तसंच. आणि मग तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. साखळ्या खुळखुळायला लागल्या, पारडं पाळण्यासारखं झुलायला लागलं, दोन माणसांनी धावत येऊन ते धरलं. निकिता बापाकडं बघत उभी होती. हसत होती आणि डोळे पुसत होती.

म्हातारीनं विचारलं, "नवस बोलला तवा ह्यांचं वजन काय होतं?"

"सेहेचाळीस," अयोध्या म्हणाली.

"मग फिटला की! ह्यो गूळ पन्नास हाय. चार किलो वरच. उतरा खाली, नारळ फोडा."

लोकांना पटलं. निकितालाही पटलं. बलभीम मात्र उतरला नाही. त्याला ते आजारपणातले दिवस आठवले. तोंडाला चव नसायची, आणि दगडाबाई मऊ भाताचा एकेक घास बोटानं आत सारायची. पुढची अकरा वर्षंही तीच वाढत होती. 'आणखी अर्धी घ्या' म्हणत तिनं त्याला इथवर आणला होता, आणि आज ती नसताना बांधावरची एक बाई आणि नळीवाला एक माणूस तेच म्हणाले होते.

"न्हाय," तो म्हणाला. "सेहेचाळीस किलोचा माणूस तिच्या घरात व्हताच. तो तिनं मागितला न्हवता. तिनं मागितला तो ह्यो, हितं बसलाय. देवीनं तिला सगळा दिला. आपण निम्म्यावर भागवायचं व्हय?"

म्हातारीनं सावकाश मान हलवली.

तो उतरला. ढेपा त्यानं स्वतः उचलून एकेक करून वर देवळात नेल्या, पाच खेपा केल्या, आणि शेवटच्या खेपेला धापा टाकत येडेश्वरीपुढं उभा राहिला. हात जोडले. कसे जोडायचे ते त्याला नीट माहीत नव्हतं; दगडाबाई जोडायची तसे, छातीच्या जरा वर, जोडले.

"येडाई," तो म्हणाला, "दगडीनं मागितलेला माणूस आणून दाखवलाय. बघून घे. लई चांगला ठेवलास. लोहाऱ्याची गिरिजाबाई, तिचा नवरा, तुळजापूरचा शिवानंद, ह्यांच्याकडं लक्ष ठेव. त्या माकडाकडं बी."

मागं उभी असलेली अयोध्या फस्सकन हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

गूळ खाली वाटून टाकला. परतीच्या वाटेवर निकितानं विचारलं, "आबा, पुढच्या मंगळवारी येऊ?"

"आधी आपल्या ज्वारीची काढणी उरकू," तो म्हणाला. "मग येऊ. आन् ढेपा मागं ठेवू."

एकतीस किलो गूळ अजून वाहायचा राहिला आहे.