यादीत नसलेला दगड

विषय: घाटातील रेल्वेरुळांच्या वरच्या उतारावर कामगार मयत झाल्याबाबत.
संदर्भ: पुरावा म्हणून जमा केलेली वाकडी पहार, एक नग.

तो एक नग म्हणजे मी. पहार बोलतेय. चौकशीत सगळ्यांचे जबाब झाले, माझा तेवढा राहिला. म्हणून आपण होऊन देते.

मी मुळात साधं लोखंड. जव्हारच्या लोहाराने मला भट्टीत लाल केलं, घणाखाली ठेचून टोक काढलं आणि पाण्यात बुचकळलं. पुढची नऊ वर्षं मी मोखाड्याकडच्या ढवळूच्या हातात होते. तो ठेकेदाराच्या गँगमध्ये होता. रुळांवर येऊ बघणारे दगड आधीच सोडवून दरीत लोटायचे, हे त्याचं काम. तो डोंगर पावसाळाभर माणसांवर दगडफेक करतो. फक्त त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही.

ढवळूची एक रीत होती. दगडाला हात लावण्याआधी माझ्या बोथट बाजूने त्यावर दोन ठोके द्यायचे आणि ऐकायचं. खणखणला तर दगड घट्ट, भद्द वाजला तर सुटलेला. ही विद्या त्याच्या बापाने विहिरी खणताना कमावलेली. ठोक्याचा हादरा आधी मला बसे, त्यामुळे निकाल मला एक क्षण अगोदर कळे.

२००४ च्या जुलैत, एका सकाळी, अकरापर्यंत गाड्या थांबवून गँग उतारावर चढली. मुकादम हेमंत, रेल्वेच्या साहेबांनी दिलेली पाडायच्या दगडांची यादी घेऊन उभा होता. यादीत एकच दगड होता, म्हशीएवढा. त्याच्यावर टेकलेला दुसरा मात्र खोलीएवढा. ढवळूने वरच्या दगडावर दोन ठोके दिले. भद्द.

"मुकादम, वरचा सुटलाय. खालचा काढला तं आपल्यावरच येल."

"वरचा यादीत नाय."

"तो काय यादी वाचून पडल?"

त्याचा जोडीदार सोन्या फिसकन हसला. हेमंत तापला. "लय शहाणा झालास! साहेबाला काय सांगू, ढवळूशी दगड बोलला म्हणून? लाव पहार. अकराला गाडी हाय."

मला खालच्या दगडाखाली खुपसलं. ढवळू, सोन्या आणि गँगमधला सुकऱ्या, तिघांनी जोर लावला. दगड उखडला आणि झाडं मोडत दरीत गेला. हेमंतने यादीवर खूण केली. खूण पुरी व्हायच्या आत वरचा सरकला.

"पळा रं!" ढवळू ओरडला. स्वतः पळाला नाही. त्याने मला त्या दगडाखाली टेकू म्हणून लावलं आणि छातीने रेटून धरलं. मी तीन श्वासांपुरती टिकले. तेवढ्यात सोन्या आणि सुकऱ्या बाजूला झाले. मग मी वाकले. लोखंड वाकताना कण्हतं. बरगड्या मोडताना तेवढाही आवाज होत नाही. दगड ढवळूवरून खाली गेला. माझ्यावरची त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

अहवालात लिहिलं गेलं: 'मयताने पहार चुकीच्या ठिकाणी लावली. पहार वाकलेली असल्याने हे सिद्ध होते.' सोन्याने भद्द आवाजाचं सांगितलं. "लेखी आहे काही?" साहेबांनी विचारलं. यादीत नसलेला दगड पडला कसा, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत नव्हता.

ढवळूची बायको पोशी. नवऱ्याच्या जागी तिला काम मिळालं असतं. पण चूक मयताची, म्हणून नाही. ती सोन्याला घेऊन कचेरीत आली.

"माझ्या माणसानं चूक नाय केली. तेवढं खोडा."

"बाई, सरकारी कागदावर खोडाखोड चालत नाही."

"मग नवा लिहा."

"त्याला अर्ज लागतो."

तिने अंगठा उठवला. मला त्या उतारावर नेऊन, तिथे उरलेले दगड वाजवून बघावेत, म्हणजे सुटलेला दगड आवाजावरून कळतो हे पटेल, असं सोन्याने त्यात घालायला लावलं. माझीही विनंती तीच. वाकडी असले तरी दगड कसा वाजतो, हे मला अजून कळतं.

अर्ज मार्च २००५ मध्ये आवक झाला. हेमंतचा खुलासा मागवला आहे. आज ऑगस्ट २००९. खुलासा आलेला नाही. पहारीची तपासणी झालेली नाही. पोशीचा अर्ज प्रलंबित आहे.